मृण्मयीचं गंगावन

"मॅडम, तंतूला आठवण असते," काचेची पेटी टेबलावर ठेवायच्या आधीच निरंजन पाटणकर म्हणाला.

मिरजेत इस्पितळ शोधायला लांब जावं लागत नाही. त्यातल्याच एकाच्या मागच्या अंगाला ही केशतंतू प्रयोगशाळा होती. औषधोपचारांनी, भाजण्याने, नाहीतर निव्वळ नशिबाने केस गेलेल्या माणसांना तिथे केस मिळत. आणि तेही असे, की शेजारी बसलेल्याला कळू नये. निरंजन तिथला संकल्पक आणि रुक्साना मुजावर प्रमुख. बाईंचं वय साठीच्या घरात होतं, पण जीभ अजून विशीत होती.

"बस आधी," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तंतूला आठवण असते की नाही ते मागाहून बघू. तुला जेवायची आठवण असते का? आरशात बघितलंस कधी?"

निरंजनने ते ऐकलंच नाही. त्याने पेटीचं झाकण उचललं. आत लाकडी साच्यावर एक केशजाल बसवलेलं होतं. काळेभोर केस, उन्हात धरले तर तांबूस झाक, टोकाला हलकं वळण, अधूनमधून पांढरे तंतू आणि उजव्या कानशिलापाशी एक रुपेरी बट. निरंजनची बायको मृण्मयी हिच्या आजारपणात तिच्या विरळ झालेल्या केसांत मिसळून जाण्यासाठी त्याने ते स्वतः विणलं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

"डाव्या कानामागचा हा भाग बघा. ती गेली त्या वर्षी हा माझ्यासारखा झाला होता. राठ आणि पिकलेला. तुम्हीच पाहिला होता. आता बघा!"

मॅडमनी भिंग ओढून घेतलं. पिकलेला भाग कुठेच नव्हता. तिथे काळे, तांबूस झाकेचे, टोकाशी वळलेले केस होते. बाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आता हा तंतू काय चीज आहे ते सांगायला हवं. त्याचं नाव अनुकारी तंतू. त्याच्या पोटात रंगाचे सूक्ष्म कोश असतात आणि अंगाला दोन पट्ट्या. पट्ट्या कमी-जास्त फुगल्या की तंतू वळतो, सरळ होतो, जाड होतो. शेजारच्या खऱ्या केसाशी तो रोज तास-दीड तास घासला, की दोन-तीन आठवड्यांत हुबेहूब त्या केसासारखा होतो. आपल्याकडे म्हणतातच, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे नेमकं उलट. इथे वाणच लागतो. सहवास संपला की शेवटचा वाण तसाच राहतो, दुसरा कोणी शेजारी येईपर्यंत.

पहिल्या चाचण्यांत एक बाई मांजर कुशीत घेऊन झोपायच्या. महिन्याभरात त्यांच्या टोपात बोका उतरला, चांगला पिवळ्या पट्ट्यांचा. बाई रडत आल्या आणि अख्खी प्रयोगशाळा तोंडात रुमाल कोंबून उभी. तेव्हापासून तंतूला अट घातली गेली. माणसाच्या जिवंत टाळूचं ताजं तेल ज्या केसावर आहे, त्याचीच नक्कल करायची. कापून ठेवलेली वेणी, लोकर, मांजर, उशीचा कापूस, कशाकशाची नाही.

"पेटीत कोणी नाही, शेजारी कोणी नाही. तरी तो तिच्यासारखा झाला," निरंजन म्हणाला. "म्हणजे तो तिला विसरलाच नव्हता, मॅडम. माझा थर वर चढला होता, तो आपोआप उतरला. हे खरं असेल तर मला पेटी नको. मी तिला पुन्हा जवळ घेऊ शकेन. कितीही वेळा बिघडू दे, ती परत येईल."

तो 'ती' म्हणाला होता, 'ते' नाही. मुजावर मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्या भागातले चार तंतू चिमट्याने काढून घेतले आणि म्हणाल्या, "उद्या सांगते. तोवर नाचू नकोस."

मृण्मयी त्या केशजालाला गंगावन म्हणायची. "तुझ्या शास्त्राला एवढाली नावं लागतात, आमच्या आज्या गंगावन म्हणून मोकळ्या व्हायच्या," असं म्हणून हसायची. प्रत्येक नवी सुधारणा झाली की ती डोळे मिटून केसांतून बोट फिरवायची. तिचा केस कुठे संपतो आणि निरंजनचा कुठे सुरू होतो, तो सांधा शोधायचा हा त्या दोघांचा खेळ होता. बोट अडायचं आणि ती ओरडायची, "सापडला चोर!" मग निरंजन पुन्हा प्रयोगशाळेत. त्याने जगाला बिनसांध्याचं केशजाल दिलं असं लोक म्हणायचे, पण मृण्मयीच्या बोटाला चोर शेवटपर्यंत सापडत राहिला. तिचे स्वतःचे केस फारच थोडे उरले होते, त्याला तो तरी काय करणार?

ती गेल्यावर निरंजन रोज दुपारी जेवून तिच्या खोलीत जायचा आणि गंगावनाशी डोकं टेकून पडायचा. दुसरं काय होतं त्याच्याकडे? महिन्याभराने त्याने डोळे उघडून पाहिलं तर डाव्या कानामागचा भाग पिकला होता. त्याचे स्वतःचे केस तिथे उतरले होते. आपण जितकं जवळ घेऊ तितकी ती पुसली जाणार, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार होतं? नियम त्यानेच तर घडवला होता. तो लहान मुलासारखा रडला. मग त्याने काचेची पेटी बनवून घेतली आणि मुलीला बजावलं, "शलाका, याला हात लावायचा नाही. कधीच नाही."

शलाका तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिने मान डोलावली. तिचे केस थेट आईचे. लहानपणापासून दर रविवारी निरंजन तिच्या डोक्याला तेल घालायचा, भांग पाडून दोन वेण्या घालायचा आणि वर फुशारकी मारायचा, "केसांचा डॉक्टर आहे मी, सांगलीपर्यंत असा भांग कोणाला जमणार नाही!" मृण्मयी आजारी पडली आणि ते रविवार थांबले. ती गेल्यावर तर शलाकाचे मोकळे केस पाठमोरे दिसले की निरंजनच्या काळजात चर्र व्हायचं. म्हणून तो तिच्याकडे बघायचंच टाळू लागला. पोरीला काय वाटत असेल, हा विचार त्याला शिवला नाही.

त्या संध्याकाळी तो पेटी घेऊन घरी आला तेव्हा शलाका दारातच उभी होती. ती इस्पितळात रुग्णांना व्यायामोपचार द्यायची, सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची.

"बाबा, पेटी कुठे नेली होती?"

"कामाला."

"परत ठेवणार ना? तिथेच?"

"तिथेच ठेवणार. का?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "काही नाही. जेवण झाकून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुजावर मॅडमनी त्याला बोलावलं. भिंगाखाली ते चार तंतू होते.

"यावर टाळूचं तेल आहे. ताजं, दोन-तीन दिवसांतलं," त्या म्हणाल्या. "आठवण नाही रे, सहवास आहे."

"माझं असेल तेल. पेटी मीच हाताळतो."

"तुझ्या तेलाने तुझे केस आले असते. ऐक. मृण्मयीचे शेवटच्या दिवसांतले केस आठव. दर दहा-बारा केसांमागे एक पांढरा. बाकी सगळ्या केशजालात आहे की नाही तसं? मग काल या भागात एक तरी पांढरा दिसला का? मी भिंगातून पाहिलं, एकही नाही. हे केस तिच्या केसांपेक्षा तरुण आहेत."

निरंजनचे डोळे चमकले. "म्हणजे तंतू मागे गेला! तिच्या तरुणपणात..."

"अरे, डोकं वापर! हे केशजाल तिला चाळिशीनंतर मिळालं. तिचे तरुण केस या तंतूने कधी पाहिलेच नाहीत. जे पाहिलं नाही ते तो आठवेल कसा?"

युक्तिवादात कुठे फट नव्हती.

"मग कोणाचे?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मुजावर मॅडम हळूच म्हणाल्या.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवण नव्हती. मृण्मयी परत आली नव्हती. आणि वर शलाकाने, बजावून सांगितलेलं असताना, पेटी उघडली होती. आज कानामागचा भाग गेला, उद्या रुपेरी बट जाईल. आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते ही पोरगी आपल्या केसांनी पुसून टाकत होती. तो ताडकन उठला.

"निरंजन," मॅडमनी मागून हाक मारली, "आधी विचार, मग ओरड."

घरी पोचेपर्यंत त्याने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. चपला न काढता तो मृण्मयीच्या खोलीच्या दाराशी गेला. पेटीचं झाकण बाजूला काढलेलं होतं. गंगावन साच्यावरून उतरवून टेबलावर ठेवलेलं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यावर डोकं टेकून शलाका झोपली होती. इस्पितळाचा कोटही अंगावरच होता.

निरंजन पुढे झाला. तिला उठवायच्या आधी गंगावन वाचवायला हवं होतं. ते अलगद ओढून घ्यावं म्हणून त्याने हात घातला, आणि त्याचं बोट फिरत राहिलं. पोरीचा केस कुठे संपतो आणि तंतू कुठे सुरू होतो, ते त्याला कळेना. त्याने डोळे मिटले, मृण्मयी मिटायची तसे, आणि पुन्हा शोधलं. बोट कुठेच अडलं नाही. आयुष्यभर ज्याच्यामागे तो लागला होता ते बिनसांध्याचं केशजाल त्याच्या हाताखाली होतं, आणि ते त्याने बनवलेलं नव्हतं.

शलाका जागी झाली. तिने डोकं उचललं नाही. "बाबा?"

"हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?" ठरवलेल्या भाषणातलं एवढंच वाक्य बाहेर आलं, आणि तेही ओरडल्यासारखं नाही.

"हो."

"आईची एवढी आठवण येत होती, तर मला सांगायचं."

"आईची येतेच हो," ती म्हणाली. "पण आईचे केस माझ्याच डोक्यावर आहेत. आरशात बघितलं की दिसतात. त्यासाठी मी पेटी कशाला उघडू?"

"मग?"

शलाकाने डोकं न उचलता डाव्या भागावर बोट ठेवलं. "इथे कानामागे तुमचे केस होते. राठ, पिकलेले. तुम्ही रविवारी वेणी घालताना पुढे वाकायचात, तेव्हा माझ्या कानाला टोचायचे ना, अगदी तसे. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून किती दिवस झाले, आठवतं तरी का? मी म्हटलं, दुधाची तहान ताकावर. रोज पाळी संपली की इथे येऊन त्या भागावर डोकं टेकायचे. मग तो भाग काळा पडायला लागला. मला कळत होतं माझ्यामुळेच पडतोय, तरी राहवायचं नाही. आता तुमचा एकही केस नाही उरला त्यात."

निरंजन जमिनीवरच बसला. कालपासून ज्या काळ्या केसांत तो मेलेल्या बायकोला शोधत होता, ते त्याच्या जिवंत पोरीचे होते. आणि ती पोर तिथे शोधत होती त्याला, जो पलीकडच्या खोलीत धडधाकट बसलेला होता. दोघांनीही ज्याला जवळ घेतलं तेच पुसून टाकलं होतं. तंतूचा काही दोष नव्हता. तो बिचारा नियमाने वागला होता.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं."

गंगावन अजून शलाकाच्या गालाखाली होतं, रुपेरी बट टेबलाच्या कडेशी आली होती. ते आधी बाजूला करायला हवं, पेटीत ठेवायला हवं, हे निरंजनला कळत होतं. त्यावर आता डोकं टेकलं आणि हे असंच रोज होत राहिलं तर काय होईल, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. त्याने ते बाजूला केलं नाही. गुडघ्यांवर उभा राहून त्याने आपलं पिकलेलं डोकं पोरीच्या डोक्याला लावून टेबलावर टेकलं. राठ केस तिच्या कानाला टोचले आणि ती रडता रडता हसली.

पावसाळा सरता सरता मुजावर मॅडम एका रविवारी त्यांच्या घरी आल्या. संग्रहासाठी मृण्मयीच्या केसांचा नमुना त्यांना हवा होता. घरात कोमट तेलाचा वास सुटला होता, शलाका पाटावर बसली होती आणि निरंजन भांग पाडत होता. त्याने मानेनेच कोनाड्याकडे खूण केली. गंगावन तिथे उघड्यावरच होतं. मॅडमनी ते उजेडात नेऊन उलटंपालटं करून पाहिलं. काळे तरुण केस आणि राठ पिकलेले केस एकमेकांत मिसळून गेले होते. रुपेरी बट कुठेच नव्हती.

"अरे, मृण्मयीचा एकही तंतू उरला नाही यात! पेटीत का नाही ठेवलंस?"

निरंजनने तेलाचा हात लेकीच्या टाळूवरून फिरवला. "वापरात आहे, मॅडम," तो म्हणाला.