कॅसेटच्या शेवटची जागा

कुमुदिनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये रिक्षातून उतरली ती भांडायलाच. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं, ओढणी घामाने मानेला चिकटली होती आणि मुठीत एक कॅसेट होती. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या पुढ्यात ते चिंचोळं दुकान होतं. मागे शिलाई मशीनची घरघर, पुढे दोन टेपडेक आणि भिंतभर कॅसेटी. कोरी कॅसेट द्यायची, गाणी सांगायची, दोन दिवसांनी भरून न्यायची.

तिने कॅसेट काउंटरच्या काचेवर आपटली. "हे काय भरलंय?"

काउंटरमागच्या मुलाने कानावरची पेन्सिल काढली, कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. "भीमगीतं. का, आवाज खराब आला?"

"भीमगीतं छान आलीत. त्यांच्यानंतर काय आहे?"

हळूहळू, चोरी करताना पकडलेल्या माणसाने हसू नये तसा तो हसला. "अच्छा... ते तुर्की आहे."

आता झालं होतं असं. आदल्या दिवशी बाबासाहेबांची शंभरावी जयंती. अंबरनाथच्या बुवापाड्यात सकाळपासून लाउडस्पीकरवर कुमुदिनीने भरून आणलेली कॅसेट चालू. शेवटचं गाणं संपलं तेव्हा लाउडस्पीकर सांभाळणारा श्यामकांत सरबत प्यायला गेला होता. कर्ण्यातून एकदम लांडग्याची आरोळी आली, मग धाडधाड डफ, मग कुणीतरी पोटातून खर्जात घुमायला लागलं. बनूबाईंच्या कडेवरचा नातू किंचाळून रडला. म्हाताऱ्यांना हात जोडावेत की पळावं ते कळेना. आणि कॅसेट कुणाची म्हणून अख्खी वस्ती कुमुदिनीकडे बघायला लागली.

"गाणी संपली तरी टेप उरते ना, मॅडम," तो मुलगा सांगू लागला. त्याचं नाव किशिन. "कोरी दिली तर लोक बोलतात, किशिनने फसवलं. म्हणून शेवटची जागा मी भरून देतो."

"सगळ्यांना हेच?"

"सगळ्यांना. आमच्या झुलेलालच्या भजनांनंतर पण हेच. शादीच्या गाण्यांनंतर पण."

"आणि कुणी तक्रार केली नाही?"

"शेवटपर्यंत ऐकतं कोण? तुम्ही पहिल्याच."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं, कारण भांडण अजून संपलं नव्हतं. "पुसून टाका ते."

"पुसतो. लेकिन एकदा नीट ऐका. कर्ण्यावर काय कळणार... नाही आवडलं तर तुमच्या समोर पुसतो." आणि त्याने हेडफोन पुढे केला. दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा.

कुमुदिनीने तो कानाला लावला तो केवळ त्याची खोड मोडायला. नंतर किती वेळ गेला ते तिलाच सांगता आलं नसतं.

ती कॅसेट दुकानात आली कशी, ही गंमतच होती. किशिनचे चाचा इस्तंबूलला जीन्सचे नमुने आणायला गेले होते. तिथली पँट आणायची, उसवायची आणि तशीच्या तशी उल्हासनगरात शिवायची, हा धंदा. त्यातल्या एका पँटच्या मागच्या खिशात ही कॅसेट निघाली. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारा तुर्की बँड. एकेक गाणं अख्खी बाजू खाणारं, मध्येच पळणारं, मध्येच थबकणारं. कव्हरवर इंग्रजीत बारीक मजकूर होता, तो किशिनने कधी वाचला नव्हता. कुमुदिनी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने वाचला.

"हे लोक त्यांच्या जुन्या गोष्टी गातात. लांडगीने वाढवलेलं पोर, आभाळाला टेकू देणारं झाड... आणि शामान. म्हणजे भगतच म्हणा. भगताचा डफ हा त्याचा घोडा. डफ वाजवत तो त्यावर बसून आभाळात जातो."

"वा," किशिन म्हणाला. "तुम्ही मानता?"

"आम्ही भगत-बिगत काही मानत नाही."

"मी पण नाही. पण घोडा छान आहे ना?"

कव्हरवर खरंच घोडा होता. एका माणसाने गोल, एका बाजूने मढवलेला डफ डोक्याच्या वर धरला होता आणि त्यावर तांबड्या रंगात घोडा काढलेला होता. कुमुदिनी त्या डफाकडे पाहतच राहिली. असंच एक डफडं होतं म्हणे आजोबांचं. घरात त्याचा विषय निघाला की बाबा उठून बाहेर जायचे.

त्या दिवशी काही पुसलं गेलं नाही.

मग तिला दर आठवड्याला कॅम्प तीनमध्ये काम निघू लागलं. कधी कॉलेज लवकर सुटायचं, कधी मैत्रिणीसाठी गाणी भरायची असायची. मैत्रिणीकडे टेपरेकॉर्डर नव्हता, पण तेवढं कोण विचारतं? किशिन गिटार घेऊन बसायचा आणि त्या तुर्की चालीत दर वेळी धडपडायचा.

"ही चाल सरळ का नाही जात, यार?"

"कारण ती लंगडी खेळतेय." तिने काचेवर बोटं वाजवली. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. "बघ. नीट चालत येते आणि शेवटी एक उडी जास्त मारते."

किशिनचं गिटार थांबलं. तो तिच्या बोटांकडे बघत होता, मग तिच्याकडे. मागच्या मशीनसुद्धा नेमक्या तेव्हाच थांबल्या, जेवणाची सुट्टी झाली असावी.

"पुन्हा वाजव," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"का?"

"असंच... उडी बघायची आहे."

कुमुदिनीचे कान तापले. तिने पुन्हा वाजवलं, आणि या वेळी उडी मुद्दाम जरा उशिरा मारली.

जूनमध्ये त्याने तिला भेट दिली. फूल नाही, अत्तर नाही. डफ. त्यावर निळ्या जीन्सच्या कापडाची खोळ, आणि खोळीवर जीन्सच्याच नारिंगी दोऱ्याने शिवलेला घोडा. घोड्याचे पाय आखूड झाले होते.

"गाढव आहे हे," ती म्हणाली.

"माझ्यावर गेलंय."

त्या दुपारी तिने दुकानात तो डफ मनसोक्त वाजवला. किशिनने डेकचं लाल बटण दाबून ठेवलं होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

डफ घरी नेला आणि सगळं फिसकटलं. तिचे बाबा भीमराव आगपेटीच्या कारखान्यातून आले, त्यांनी खाटेवरचा डफ पाहिला आणि चप्पल न काढताच उभे राहिले. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुझ्या आजोबांचं नाव धोंडिबा. पण वांगणीच्या त्या गावात नावाने हाक कुणी मारली नाही. 'दवंडी दे', बस एवढंच. अंगात ताप असो, घरात मयत असो, हुकूम आला की डफडं गळ्यात. छप्पन साली त्यांनी ते उल्हास नदीत फेकलं. आई सांगायची, त्या दिवशी ते दोन्ही हात मोकळे हलवत घरी आले. असे हात हलवत चालताना तिने त्यांना पहिल्यांदा पाहिलं." त्यांनी खाटेकडे बोट केलं. "आणि त्यांची नात ते परत घरात आणते?"

"बाबा, हे दवंडीचं नाही—"

"कुणी दिलं?"

कुमुदिनीने खोळीवरच्या घोड्यावर हात ठेवला, आणि त्यातून भीमरावांना जे कळायचं ते कळलं. "परत देऊन ये," एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले.

तिने डफ परत दिला. काउंटरवर ठेवला, किशिनकडे न बघता म्हणाली, "बाबा खरं बोलतात," आणि निघाली. बाबांचं खरं होतं, म्हणून तिला फार वाईट वाटत होतं. पण आपणही खोट्या नाही, हे तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं. रात्री ताटाच्या कडेवर बोटं आपोआप वाजायची आणि आई, जनाबाई, हळूच तिचा हात धरायची.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. कॅम्प तीनकडे ती फिरकली नाही. मग एक दिवस कॉलेजहून स्टेशनला जाताना ती शेअर रिक्षात बसली. दोन्ही बाजूंना दोन सिंधी बायका, रिक्षात भजनांची कॅसेट. भजन संपलं, जरा खरखर झाली आणि डफ वाजू लागला. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. तुर्की नव्हता तो. ते तिचंच वाजवणं होतं, उशिरा मारलेल्या उडीसकट. शेवटी ओळखीचा आवाज आला, "ही चाल वाजवणारी रुसली आहे. कुणाला दिसली तर सांगा, घोडा उपाशी आहे."

"आजकल सब कॅसेट में यही आता है," रिक्षावाला म्हणाला.

"अच्छा बजाती है," शेजारची बाई म्हणाली. तिचा पाय चालीवर हलत होता.

कुमुदिनीला संताप आला, आणि संतापाच्या आत एवढा आनंद झाला की तिने रिक्षा तिथेच थांबवली आणि उलट्या दिशेने चालत सुटली. दुकानात शिरून तिने हात पुढे केला.

"माझा डफ दे."

"न विचारता भरलं... सॉरी. सगळं पुसू का?"

"त्याबद्दल नंतर भांडेन. आधी डफ दे."

दसऱ्याला वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. भाषणांच्या यादीत कुमुदिनीचंही नाव होतं. ती मंचावर चढली ती निळ्या खोळीतला डफ घेऊन. खोळ काढली तशी पुढच्या रांगेतले म्हातारे दौलतराव उठून उभे राहिले. "ए पोरी, आजच्या दिवशी ते? कुणी सांगितलं तुला वाजवायला?"

कुमुदिनी माइकपाशी सरकली. "कुणीच सांगितलं नाही, दौलतबाबा. तेच सांगायला उभी आहे. माझ्या आजोबांनी डफडं नदीत टाकलं, कारण ते हुकमाचं होतं. त्यांना वाजवायचा कंटाळा नव्हता. हुकमाचा होता. आज मला कुणी बोलावलेलं नाही. कुणाची दवंडी नाही, कुणाचा निरोप नाही. मी माझं वाजवणार आहे. ज्यांना उठून जायचं त्यांनी खुशाल जावं."

पहिले उठले भीमराव. ते मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. कुमुदिनीने डफ गळ्यात अडकवला नाही. कव्हरवरच्या माणसासारखा डोक्याच्या वर धरला आणि त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत वाजवला. चाल नीट आली, उडी मारली, पुन्हा आली. मागे श्यामकांतच्या शेजारी किशिन उभा होता, त्याचे ओठ चालीबरोबर आकडे मोजत होते. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी नाही. भीमराव वळले नाहीत. पण वाजणं संपेपर्यंत तिथून हललेही नाहीत.

घरात आठवडाभर कुणी त्यावर बोललं नाही. मग एका दुपारी कुमुदिनी डफ घेऊन किशिनच्या दुकानात गेली, तर काउंटरपाशी बाबा. त्यांच्या हातात ती भीमगीतांची कॅसेट होती.

"याच्या शेवटी ते भुताटकीचं आहे ना," ते किशिनला सांगत होते, "ते काढ. तिथं हिचं भर. जागा पुरेल?"

"पुरेल, काका," किशिन कसाबसा म्हणाला.

"मी थांबत नाही. कारखान्यात पाळी आहे." जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "वर धरून वाजवलंस," ते म्हणाले, "तो गळ्यातच अडकवायचा असतो, असं मला वाटायचं." आणि ते गेले. दोन्ही हात हलवत गेले.

कुमुदिनीने डोळे पुसले आणि वाजवलं. त्यानंतर जे बोलणं झालं ते फक्त दोघांतलं होतं. निदान दोघांना तसं वाटलं. डेकवरचा लाल दिवा तेवढा जळत होता.

कॅसेट घरी आली आणि पेटीत गेली. कुमुदिनी रोज ठरवायची, आज बाबांना किशिनचं सांगायचं. आज नको, उद्या. हजार माणसांसमोर न घाबरलेली पोर जेवताना बापासमोर मुकी व्हायची.

असा पुढचा एप्रिल उजाडला. जयंती. सकाळपासून तीच कॅसेट. किशिन मंडळाच्या पोरांबरोबर सरबत वाटत होता. शेवटचं गीत संपलं तसा, गेल्या सालचा धडा घेतलेला श्यामकांत टेप बंद करायला धावला.

"राहू दे," खुर्चीवरून भीमराव म्हणाले. "पुढे माझी पोरगी आहे."

डफ वाजला. या वेळी दौलतरावसुद्धा काठी आपटत होते. चाल संपली. थोडी खरखर. आणि मग अख्ख्या बुवापाड्यावर किशिनचा आवाज आला.

"कुमुदिनी... लग्न करशील माझ्याशी? घरी मी सांगून टाकलंय. डॅडी बोलत नाहीत, पण जेवायला वाढतात."

किशिनच्या हातातला सरबताचा जग जागच्या जागी थांबला. श्यामकांतने पुन्हा बटणाकडे हात नेला. कुमुदिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण कर्ण्यातून आता तिचाच श्वास ऐकू येत होता आणि पुढे काय आहे ते तिला माहीत होतं. आपलंच बोलणं आपणच बंद करायचं? तिने श्यामकांतचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढे मी आहे."

"करीन," कर्ण्यातली कुमुदिनी म्हणाली. "तू आवडतोस मला. काचेवर बोटं वाजवली ना, तेव्हापासून."

"आणि तुझे बाबा?"

"बाबांना मी सांगेन. मी काय घाबरते?"

टेप संपली. बनूबाईंचा नातू तेवढा खिदळला.

"कधी सांगणार होतीस?" भीमरावांनी विचारलं.

"सांगितलं ना, बाबा," ती म्हणाली. मान वर होती, डोळे भरलेले. "सगळ्यांसमोर सांगितलं."

भीमरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग जग धरून उभ्या असलेल्या त्या पोराकडे. त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस," ते किशिनला म्हणाले. "उभा का?"