मालकी बदलायची राहिली

पालमहून निघालेल्या एसटीत राजेश्रीने मांडीवर लॅपटॉप उघडला. नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि कंपनीच्या सर्व्हरवरची एक डिरेक्टरी काही केल्या उघडेना. शेजारचा मुलगा मघापासून पडद्यात डोकावत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मॅडम, ती दुसऱ्याच्या नावावर हाय. कितीबी चिडलात तरी न्हाई उघडायची."

"तुमाला कुणी विचारलं?"

"न्हाई… पण ती माझ्याच नावावर हाय."

हा महारुद्र. राणीसावरगावचा, त्याच कंपनीतला, आणि भलताच हसरा.

कालव्याच्या गेटांवरच्या यंत्रांसाठी दोघं मिळून कर्नलमधली, म्हणजे यंत्रप्रणालीच्या गाभ्यातली, आभासी फाइल सिस्टिम लिहू लागले. प्रत्येक गेटची एक डिरेक्टरी. ती कुणाच्या मालकीची, कुणी नुसती वाचायची, कुणी लिहायची, यावरून दिवसभर भांडण. एका नियमावर मात्र तो अडून बसला. मालकाला आपली डिरेक्टरी परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, ते फक्त ॲडमिनने करायचं.

"असं का पण?"

"न्हाईतर जो तो आपलं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घालील की!"

ती हसली. त्याच्या बोटांकडे बघता बघता आपण कशाला हसलो तेच विसरली.

मग त्याला बंगळूरची नोकरी लागली. अगदी त्याला हवी होती तशी. जाण्याआधी सगळ्या डिरेक्टऱ्या राजेश्रीच्या नावावर करायच्या होत्या. त्याने संगणकाला तशी आज्ञा दिली आणि त्याच्याच नियमाने त्याला अडवलं. आता ॲडमिन राजेश्री होती.

"करता का मॅडम तेवढं?"

"उद्या करते."

उद्या सर्व्हर जड चालायचा. परवा बॅकअप घ्यायचा असायचा. मालकाच्या रकान्यात ओळीने त्याचं नाव दिसे, आणि ती उगाचच त्यावरून नजर फिरवत बसे. ते नाव गेलं की त्याला इथे थांबायला काही कारणच उरणार नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर घरघरत होता. तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"एका ओळीचं काम हाय ते, राजेश्री. मुद्दाम टाळायलाव तुमी."

"माहीत होतं तर बोलला का न्हाईत?"

"बरं वाटायलं होतं…"

तिने कीबोर्ड जवळ ओढला. जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. तो थांबलाही असता, आणि म्हणूनच ते तिला म्हणवेना.

"जा तुमी," ती म्हणाली. "पण मला तुमी आवडता. लय आवडता. तुमचं नाव काढायला माझा हातच होईना."

तिने आज्ञा दिली. रकान्यातलं नाव वरपासून खालपर्यंत बदललं. तो पडद्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.

"दिवाळीला पालमला येतो. तुमच्या घरी… आईला घिऊन. चालंल?"

"दिवाळी लय लांब हाय हो," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.