पेन्सिलीतली भावकी

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून प्रयागबाई ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला खिळल्या होत्या. जीभ मात्र साऱ्या वारूळवाडीत फिरून येत होती. शाळा तिसरीपर्यंतच. पण भावकीतली तीनशे माणसं, त्यांची आजोळं, त्यांची देवकं, सगळं तोंडपाठ. सोयरीक जमवायची तर ओझरपासून घोडेगावपर्यंतची माणसं आधी या ओट्यावर येऊन खात्री करून घेत. प्रयागबाईंनी मान हलवली की पुढची बोलणी.

दिवाळीला नात आली. संस्कृती, मुलगा सूरज आणि सून वैजयंती यांची एकुलती एक पोर, पुण्यात शिकणारी. बॅगेतून तिनं पाच जाडजूड पुस्तकं काढली. 'नऊ खिंडींचं राज्य', भाग एक ते पाच. पहिल्याच पानावर नकाशा, शेवटी वंशावळ.

"आज्जी, हे तुला नाय झेपायचं. दोनशे माणसं हायेत यात. माझाच गोंधळ व्हतो."

"दोनशे? अगं, आमच्यात जावळ काढलं तर तेवढी पंगत बसती. ठेव हितं."

पोर हसत हसत पुण्याला गेली आणि प्रयागबाईंनी हट्टानं पुस्तक उघडलं. बोट ठेवून, अक्षर जुळवत, दिवसाला चार-पाच पानं. गोष्ट कळत होती. राजे, भाऊबंदकी, बांधावरून मारामाऱ्या, सगळं ओळखीचं. अडत होती ती नावं. थ्रेव्हंदिर म्हणताना जीभ दाताखाली यायची. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली. थ्रेव्हंदिर हा लंगडा घोडेवाला, सदा कुरकुरणारा. त्यांनी त्याचं नाव येईल तिथं वर पेन्सिलीनं बारीक लिहिलं: गेणभाऊ. शेजारचा गेणभाऊ रोज सकाळी दूध घालायचा आणि रोज कुरकुरायचा. आता कसं चेहऱ्यासकट वाचता येऊ लागलं.

संक्रांतीच्या आसपास पुस्तकातला घोडेवाला नवव्या खिंडीत शिरला. पुढं लिहिलं होतं, 'त्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही.'

दुसऱ्या दिवशी चहाला पिशवीतलं दूध.

"गेणभाऊ आला न्हाई का गं?"

"कोण गेणभाऊ?" वैजयंतीनं विचारलं.

"माझी थट्टा करती व्हय? शेजारचा. ज्याच्या म्हशीनं तुला लोळवलं व्हतं."

"आत्या, शेजारी द्राक्षाचा बाग हाय. मी लग्न होऊन आले तवापासून हाय."

प्रयागबाई वॉकर टेकत बांधापर्यंत गेल्या. गोठ्याच्या जागी द्राक्षाच्या वेली होत्या. खोडं मनगटाएवढी जाड. त्यांनी एका खोडाला हात लावून पाहिला. साल वाळून सुटत होती. वीसेक वर्षांचं तरी असेल.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. वय झालं की लोक वेड्यात काढायला टपलेलेच असतात.

दुसऱ्या भागात राणीची बहीण होती, गोड बोलून काटा काढणारी. तिच्या डोक्यावर इंद्रायणी लिहिलं. जुन्नरला दिलेली त्यांची धाकटी बहीण अगदी तशीच. होळीच्या आधी राणीची बहीणही त्याच नवव्या खिंडीत गेली. प्रयागबाईंनी त्याच दुपारी जुन्नरला फोन लावला. उचलला तो एका अनोळखी गॅरेजवाल्यानं.

"आई, तुला बहीण कुठं हाय?" सूरज हळूच म्हणाला. "तू एकटीच की आजोबांना."

इंद्रायणी त्यांना आठवत होती. तिची हळद, तिचं नाक मुरडणं, सगळं. पण जगात ती आता एकाच ठिकाणी उरली होती, पुस्तकातल्या पेन्सिलीच्या अक्षरात.

तेव्हा पुस्तक मिटायला हवं होतं. पण त्यात एक पोरगी होती. न ऐकणारी, उलट बोलणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. तिच्या नावावर पहिल्या भागातच त्यांनी मोठ्या कौतुकानं लिहून ठेवलं होतं: संस्कृती. ती जगली का, एवढंच बघायचं होतं.

एप्रिलमधली दुपार. ऊन मी म्हणत होतं. पान संपताना पोरगी नवव्या खिंडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

प्रयागबाईंनी पान उलटलं नाही. फोन लावला.

"आज्जी, घरीच येतीय. बस खेडच्या घाटात थांबलीय. लई धुकं पडलंय."

"भर दुपारचं धुकं?"

"हो ना. डायवर म्हणतो, पुढचं काय दिसत न्हाई."

"खाली उतरू नको. ऐक माझं, संस्कृती, खाली उतरू नको!"

"सगळीच उतरलीत, आज्जी. मी पण..."

फोन कानाला तसाच धरून त्यांनी खोडरबर घेतलं. ती ही नव्हेच. पुस्तकातली कोण कुठली भवानी. माझ्या नातीचं नाव तिच्या डोक्यावर राहिलंच नाही, तर तिच्या वाटेनं ही जाईल कशी?

पहिलं पुस्तक. दुसरं. पान, पान, पान. कागद फाटत होता.

"आज्जी?" फोनमधून बारीक आवाज.

"थांब बाई. झालंच."

शेवटचं नाव पुसलं.

ऊन तसंच होतं. वेलींवरून एक होला उडाला.

प्रयागबाईंनी कानाचा फोन खाली घेऊन बघितला. कुणाला लावला होता? आठवेना.

चारच्या सुमाराला ओझरचे दादाभाऊ आले. भाच्यासाठी मुलगी बघत होते. "तुमच्यात हाय का कुणी लग्नाची?"

"आमच्या सूरजला देवानं मूलबाळच दिलं न्हाई, भाऊ," प्रयागबाई म्हणाल्या. त्यात दुःख नव्हतं. जुनी गोष्ट होती.

वैजयंतीनं खाली मान घालून चहा दिला.

पाहुणे गेल्यावर ती कप उचलायला वाकली आणि ओटीपोटावर हात दाबून तशीच थांबली.

"आत्या, माझ्या पोटावर ही टाक्यांची आडवी खूण कशाची वो? आज लई ठणकतीय."

प्रयागबाईंनी विचार केला. घरातलं त्यांना ठाऊक नाही, असं काही नव्हतं.

"अपेंडिक्सची असंल," त्या म्हणाल्या.