दातांत धरलेली शिट्टी

भालकीहून बिदरला निघालेल्या बसमध्ये मृत्युंजयनं पैसे पुढे केले, तर कंडक्टरबाईनं नुसती भुवई उडवली.

"बिदर," तो म्हणाला. "तुमी बोलत न्हाई का कुणाशी?"

तिनं तिकीट दिलं आणि गालावर हात ठेवला. तेवढ्यात तिला जांभई आली... तोंड अर्ध्यातच अडलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कानापुढं दुखतंय?" त्यानं हळूच विचारलं. "भालकीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना हाय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ती कंडक्टरबाई, मल्लेश्वरी, दवाखान्यात आली. तोंडात जेमतेम दोन बोटं मावत होती. डेपोच्या साहेबांनी बजावलं होतं, पंधरा दिवसांत बरं झाल्याचा कागद आणा, न्हाईतर ऑफिसात बसा.

"मला खुर्चीत झोप येते," ती म्हणाली. "रस्ता सोडून मी जगायची न्हाई."

मृत्युंजयनं तिच्या दोन्ही कानांपुढं चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी लहानशा मशीनला जोडल्या आणि बटण हळूहळू फिरवलं.

"मुंग्या आल्या की सांगा."

"आल्या."

"किती?"

"वारूळभर."

तो हसला. करंट थोडा कमी केला. वीस मिनिटं ती डोळे मिटून बसायची आणि तो वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करायचा. असे सहा दिवस गेले. मशीनवर दुखणं उतरायचं, संध्याकाळी पुन्हा हजर. त्याला रात्री नीट झोप लागेना.

"सुपारी खायलात का?"

"न्हाई ओ. भाकरीबी दुधात कुस्करून खायलेय."

सातव्या दिवशी तो न सांगता तिच्या बसमध्ये मागं जाऊन उभा राहिला. बायकांची गर्दी होती. बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून ती त्यांना शून्य रुपयाची तिकिटं फाडून देत होती. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात दांडी... आणि शिट्टी दातांत घट्ट आवळलेली. बिदर येईस्तोवर ती एकदाही तोंडातून निघाली नाही.

स्टँडवर तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "द्या ती शिट्टी."

"कामून?"

"मी रोज सांधा सैल करायलोय, अन् तुमी दिवसभर आवळायलात."

ती ओशाळली. "चार वर्षं झाली. ती तोंडात हाय, हेच मला कळत न्हाई."

त्यानं दुकानातून दोरी आणली, शिट्टी तीत ओवली आणि तिच्या गळ्यात बांधायला पुढं झाला. तिनं मान खाली घातली... त्याची बोटं गाठ मारताना उगाच अडखळली.

"वाजवायची अन् लगेच सोडायची."

"व्हय, डॉक्टर."

दवाखान्यातलं मशीन रोज चालूच होतं. चौदाव्या दिवशी तिच्या तोंडात तीन बोटं मावली. मृत्युंजयनं कागद लिहिला, सही केली. पण कागद हातातून सोडेना.

"आता यायची गरज न्हाई," तो म्हणाला.

"कुणाला? मला का तुमाला?"

"तुमाला... न्हाई. मला—"

"नीट बोला की. जबडा तर माझा दुखायलाता."

"मला हाय," तो एका दमात म्हणाला. "तुमी यावं. पेशंट म्हणून न्हाई."

मल्लेश्वरीनं कागद हळूच ओढून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. दारापाशी जाऊन वळली.

"रविवारी अप्पा घरी असतात. तुमच्या आईला घेऊन या. चहा मी आणीन... पण अप्पापुढं बोलायचं तुमी. माझं बोलून झालं."