सुटली म्हण

तृप्ती आणि मनोज यांची ओळख झाली तीच भांडणातून. पिंपळगावच्या पॅकहाउसच्या दारात त्याचा टेम्पो उभा होता, आत त्याच्या काकांच्या बागेतली द्राक्षं. तृप्तीने एक मणी चिरडला, रसाचा थेंब गोडी मोजायच्या नळीच्या काचेवर घेतला आणि नळीला डोळा लावून सांगून टाकलं, "गोडी कमी आहे. माल परत न्या."

"मॅडम, एक मणी खाऊन तर बघा!"

"मी खात नाही, मोजते."

"मग आमच्या नशिबात किती गोडी हाय, तेबी मोजा की."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. बी.एस्सी. होऊन नुकती नोकरीला लागलेली, दिवसभर क्रेट आणि आकडे... असं तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

आठवड्याने तो माल घेऊन परत आला. मग माल नसतानाही येऊ लागला. "उद्या तो निळा ड्रेस घाल... माझी शपथ हाय," असं एकदा खिडकीशी हळूच बोलून गेला. दुसऱ्या दिवशी निळी ओढणी सारखी करताना ती आरशासमोर उगाच रेंगाळली.

शपथेची गोडीच लागली त्या दोघांना. माझी शपथ, आणखी एक घास खा. माझी शपथ, एकदा नाव घेऊन हाक मार. मग – माझी शपथ, केस कापायचे नाय. माझी शपथ, त्या संतोषच्या जीपमध्ये बसायचं नाय.

संतोष तिचा सुपरवायझर. कामावरच्या सगळ्या मुलींना तो जीपने नाशिकला सोडायचा. तृप्ती एसटीत उभी राहून जाऊ लागली. एके दिवशी अंगात ताप होता म्हणून ती जीपमध्ये बसली, आणि नेमकं त्याच संध्याकाळी एका ट्रकने मनोजच्या टेम्पोला घासलं. हात प्लास्टरमध्ये.

"बसली होतीस ना?" त्याने एवढंच विचारलं.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या प्लास्टरवर डोकं टेकून ती रडली. "जाऊ दे," तो थोपटत म्हणाला, "पुन्हा नको करू." किती मायेने म्हणाला! त्यानंतर मैत्रिणीचं लग्न गेलं, गच्चीवरच्या गप्पा गेल्या, मावशीकडे जाणं गेलं. तो धडधाकट दिसला की तिला वाटायचं, आपण जपलं म्हणून.

हंगाम संपला. पावसाळ्यात पुण्याला एम.एस्सी.साठी तिचा नंबर लागला. त्याला सांगायचं धाडस झालं ते थेट नाशिकला, ठक्कर बाजारच्या स्टँडवर, बॅग हातात असताना.

"दोन वर्षं? अन् मी इथं काय करू?"

"तू येत जा ना भेटायला. मी वाट बघेन..."

"जायचं नाय. माझी शपथ हाय तुला."

"मनोज... सुटली म्हण ना."

घातलेली शपथ घालणाऱ्यानेच सोडायची. त्याने 'सुटली' म्हटलं की झालं. लहानपणापासून तिला हेच माहीत होतं.

"नाय म्हणणार."

"हवं तर रागावून म्हण. पण म्हण."

"जा की! मी मेल्यावर ये मातीला."

बोलता बोलता त्याने डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळू लागला. तृप्ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. गुढीपाडव्याला तिनेही त्याला शपथ घातली होती, एकच, तंबाखू सोडण्याची. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने ती घेतली होती. नंतर तो खात राहिला, आणि ती बघत राहिली.

"माझी शपथ मोडलीस," ती म्हणाली.

"कोणती? ...हां, ती व्हय."

"मला काही होईल, अशी भीती नाही वाटली?"

"तसल्यानं कोण मरतंय, येडे!" तो हसला, अगदी लाडाने. आणि मग त्याचं हसू अर्धवटच राहिलं.

तृप्तीने बॅग उचलली.

"तृप्ती, ऐक... तसं नाय म्हणायचं होतं मला. तृप्ती!"

ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. तो खाली एका हाताने बसच्या पत्र्यावर थापा मारत होता, दुसऱ्या मुठीत तंबाखू तशीच. "उतर! माझी शपथ हाय! उतर म्हणतो ना!"

ती अर्धवट उठली. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली आणि बस हलली. ती मटकन खाली बसली.

बस वळताना न राहवून तिने मागे बघितलं. तो उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होता. त्याने मळलेली चिमूट तोंडात टाकली, हात झटकले आणि टेम्पोकडे चालू लागला. त्याला काहीही झालं नव्हतं.

तिला हायसं वाटलं. आणि अजूनही हायसं वाटतंय याचा इतका संताप आला, की नाशिकरोड मागे पडलं तरी तिचं रडू थांबलं नाही.