डावीकडे वळताना येणारा आवाज

"उंऽऽऽ... अगं नाही आई, घुंऽऽ नाही. उंऽऽऽ! नाकातून. आणि वेग वाढला की असा वर चढत जातो..."

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत बसून ती फोनवर आपल्या गाडीची नक्कल करत होती. समोरच्या सोफ्यावरच्या दोघांनी वर्तमानपत्रं जरा वर धरली. तिला त्याचं काही नव्हतं. पियानो जुळवणं हा तिचा धंदा. बाबांच्या हाताखाली शिकली, आणि बाबा गेल्यावर त्यांचं एकही गिऱ्हाईक तिने हातचं जाऊ दिलं नाही. एखादी तार केसभर उतरली तरी तिच्या कानाला खुपायची. आणि इथले टायवाले साहेब तिला तिसऱ्यांदा सांगत होते, "मॅडम, तुम्हाला भास होतोय."

"भास तुझ्या साहेबाला म्हणावं," आई पलीकडून कडाडली. "दोनदा पैसे घेतले तेव्हा नव्हता का झाला भास?"

फोन ठेवते न ठेवते तोच मागून आवाज आला.

"परत काढा."

तिने वळून पाहिलं. निळ्या कपड्यांतला, कोपरापर्यंत काळवंडलेला एक माणूस पाण्याच्या नळाशी बाटली भरत उभा होता. वर्कशॉपमधली माणसं या खोलीत यायची नाहीत असा नियम होता. पण आत पाण्याची टाकी कोरडी असावी. बाटली भरून वाहायला लागली होती आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"काय काढू?"

"तो आवाज. डावीकडे वळताना वाढतो का?"

ती ताडकन उठली. "वाढतो! तुम्हाला कसं कळलं?"

"आत्ता कळलं. तुमच्या कागदावर तिन्ही वेळा 'इंजिनचा आवाज' एवढंच लिहून आलंय. आम्हाला आत कागद मिळतो, माणूस मिळत नाही." बाटलीचं झाकण लावता लावता तो किंचित हसला. "कागदाला असं गाता येत नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. गाणं नव्हतं ते, असं ती म्हणणार होती...

इतक्यात टायवाले साहेब हातात कागद घेऊन आले. गिअरबॉक्स बदलावा लागेल, म्हणाले. खालचा आकडा तिने दोनदा वाचला. दोन महिने राबून मिळायचं ते सगळं त्यात जाणार होतं. आणि गाडीशिवाय हत्यारांची जड पेटी घेऊन ती गावभर फिरणार कशी?

"फक्त इथे सही करा, मॅडम. तपासणीवर मास्तरांची सही होईलच."

"होणार नाही," निळ्या कपड्यांतला माणूस म्हणाला.

तर मास्तर हेच. खोलीतली वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

"मास्तर, तुम्ही बोल्ट आवळा. गिऱ्हाइकाशी मी बोलतो."

"आवळतो ना, साहेब. पण तपासणीखाली नाव माझं लागतं. गिअरबॉक्स मी स्वतः पाहिलाय, धडधाकट आहे. ज्याला काही झालेलंच नाही त्याच्या दुखण्यावर मी नाव घालणार नाही."

आवाज चढवला नव्हता त्याने. मान मात्र ताठ होती. तिला बाबा आठवले. कुणाच्या घाईसाठी अर्धवट जुळवलेला पियानो ते कधी सोडायचे नाहीत.

"मग आजार कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"बेअरिंग. चाकाचं."

"पुढचं डावं," ती म्हणाली.

"मागचं उजवं," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डावीकडे वळताना वाढतो ना आवाज? मग डावंच. माझा कान अकरा वर्षांत चुकलेला नाही."

"माझे हात चौदा."

"अस्सं? दाखवा मग."

आणि ती जमिनीवरची पिवळी रेषा ओलांडून सरळ वर्कशॉपमध्ये शिरली. गिऱ्हाइकाने ती ओलांडायची नसते, असं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. साहेब मागून म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या जबाबदारीवर. बेअरिंग बदलून आवाज राहिला, तर उद्या यायची तसदी घेऊ नका." ते गमतीत बोलत नव्हते.

ती थबकली. "ऐकलंत ना? राहू दे. तुमची नोकरी..."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे," ती म्हणाली, आणि आपण इतक्या चटकन कसं म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

गाडी वर उचललेली होती. त्याने पुढचं डावं चाक फिरवलं, ती कान टवकारून उभी राहिली. मग मागचं उजवं. सगळीकडे यंत्रांची घरघर... कानाला काहीच नीट लागेना.

"ऐकू नका," तो म्हणाला. "हात द्या."

त्याने तिचा तळवा चाकामागच्या जाड स्प्रिंगवर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून तिच्या बोटांत बारीक खरखर चढत आली, मूठभर वाळू कुणी दळत असावं तशी. मग त्याने तिला पुढच्या डाव्या चाकाशी नेलं. तिथे काही नाही. लोण्यासारखं गुळगुळीत.

"गाडी डावीकडे वळली की भार उजवीकडे जातो. दुखऱ्या पायावर वजन पडलं की तो कण्हणारच ना?"

चाक थांबलं होतं. हात मात्र दोघांचेही तिथेच होते... क्षणभर जास्तच.

"मी चुकले," ती म्हणाली. हे वाक्य तिने सख्ख्या आईसमोरही कधी उच्चारलं नव्हतं.

"छे. सूर अचूक पकडलात, नुसता पत्ता चुकला. आवाज पत्र्यातून फिरत येतो, चांगल्या चांगल्यांना फसवतो."

"समजूत घालताय?"

"शिकवतोय. फुकट मास्तर म्हणत नाहीत मला."

"आणि विद्यार्थिनी चुकली की छडी?"

"विद्यार्थिनी पाहून ठरवतो," तो म्हणाला, आणि घाईघाईने पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

दुपारपर्यंत बेअरिंग बदलून झालं. गिअरबॉक्सच्या आकड्यापुढे त्याची किंमत चिल्लरच. तिने गाडी चालवली, शेजारी तो, मागे साहेब. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला. डावं वळण आलं. तिने स्टिअरिंग वळवलं...

काही नाही. खिडकीतून येणारा वारा तेवढा. साहेब मागे टायची गाठ सैल करत, आणि शेजारी तो समोर पाहत बसलेला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, ओठांच्या कोपऱ्यात न मावणारं हसू. त्या हातांकडे पाहताना तिचाच ऊर भरून आला, जणू ते काम तिचंच होतं.

नोकरी राहिली. पण साहेबांना काहीतरी करणं भागच होतं. गिऱ्हाइकाला रेषेच्या आत नेल्याबद्दल मास्तरांना आठ दिवस गाड्या धुण्यावर लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी तिची. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, हातात पाण्याचा पाइप घेऊन तो तिच्या गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"यावर धूळ कुठे आहे?"

"शोधा की. हात चुकत नाहीत ना तुमचे?"

तो हसला. पाण्याचे बारीक तुषार उन्हात दोघांवर उडत होते आणि पाइप बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं.

"माझ्यामुळे बादली धरावी लागली," ती हळूच म्हणाली. "वाईट वाटतं मला."

"मला नाही वाटत. का धुतोय ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. काल ते पोरगेले मेकॅनिक आले, म्हणाले, मास्तर, आम्हालाही नको तिथे सही करायची नाही. इतक्या मानाने बादली कुणी धरली नसेल." तो थांबला. पाइपशी चाळा करत म्हणाला, "फक्त... आठ दिवस संपले की तुमची गाडी मला कुठे दिसणार, याचं वाईट वाटतं."

"गाडी?"

"...गाडीवालीसुद्धा."

"सुद्धा?"

"फक्त गाडीवाली," त्याने कबूल केलं, आणि कानापर्यंत लाल झाला.

तिला खूप काही बोलायचं होतं. की तुम्ही माझ्या तोंडावर मला चूक ठरवलंत आणि माझा मान तसूभर कमी होऊ दिला नाहीत. असा माणूस मी अजून पाहिला नव्हता... पण समोरून टाय सावरत साहेब येत होते.

"मॅडम, रोज रोज? आज काय काम आहे?"

"काम नाही. माणसाला भेटायला आलेय."

"कुणाच्या माणसाला?"

तिने शेजारचा तो ओला, साबणाने माखलेला हात आपल्या हातात घेतला. काचेच्या खोलीतून बघणारे बघत होते. बघू देत.

"माझ्या," ती म्हणाली.