आईचं मेमरी कार्ड

कार्ड बदलल्याचं कळलं, तो कार्यशाळेचा तिसरा दिवस होता. सकाळचे दहा वाजले होते. बाळापूरच्या किल्ल्याच्या तटावर अमरावतीहून बसनं आलेली वीस मुलं गळ्यात कॅमेरे अडकवून पोहे खात होती.

प्रणालीनं कॅमेरा चालू केला आणि जुने फोटो बघायचं बटण दाबलं. पडद्यावर हळद माखलेली एक नवरी हसत होती. पुढचा फोटोही नवरीचाच. त्याच्या पुढे नवरीची मावशी!

"मोईज," ती हळूच म्हणाली, "हे माहं कार्ड नाही."

मोईजनं भरल्या तोंडानं डोकावून पाहिलं. "अबे, ही तर धर्मेंद्रदादांची नवरी! काल मोठ्या पडद्यावर दाखवली होती ना!"

"म्हणजे तुहं कार्ड त्यायच्याकडे गेलं," गीतांजली म्हणाली. "संध्याकाळी मागून घेऊ. इतकं तोंड काहून पाडलं?"

प्रणालीनं कॅमेरा बंद केला. मग म्हणाली, "त्यात माही आई आहे."

दोघांच्या हातातले चमचे तसेच राहिले.

प्रणालीची आई, संध्याताई, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. गावोगाव फिरताना हा कॅमेरा तिच्या पिशवीत असायचा. दिवाळीच्या आठ दिवस आधी ती तापानं गेली. दवाखान्याच्या धावपळीत तिचा फोनही हरवला. उरलं ते या कार्डात. तिनं काढलेले सत्तरएक फोटो आणि एक व्हिडिओ. व्हिडिओत बाबा शिरा करत होते आणि कॅमेऱ्यामागून आई ओरडत होती, "अहो, आधी गॅस तरी पेटवा!" आईचा आवाज आता फक्त तिथं होता.

बाबांना प्रणाली कितीदा म्हणाली होती, कार्ड कॉपी करू. बाबा म्हणायचे, "उद्या करू." कॉपी करायची म्हणजे फोटो बघावे लागणार. सहा महिने झाले, तो उद्या आला नव्हता.

"पण अश्विन सरांनी काल सगळ्यांची कार्डं कॉपी केली ना?" गीतांजलीला आठवलं.

तिघं सरांकडे धावली. अमरावतीच्या राजापेठेत सुट्टीतली ही प्रवास-छायाचित्रणाची कार्यशाळा अश्विन सरच चालवत होते. काल संध्याकाळी त्यांनी सगळी कार्डं एका स्टीलच्या डब्यात गोळा केली होती. ना चिठ्ठी, ना नाव! धर्मेंद्रदादा बाळापूरचे लग्नाचे फोटोग्राफर. ते काल शिकवायला आले होते आणि त्यांचंही कार्ड त्याच डब्यात पडलं. सगळी कार्डं काळी, एकाच कंपनीची.

"कॉपी?" सर डोकं खाजवत म्हणाले. "अगं, लॅपटॉपच भरला. आठ कार्डं झाली, बाकीची राहिली. पण घाबरता कशाला? कार्डाला काय पाय आहेत? दादांचं आज इथंच लग्नाचं काम आहे. संध्याकाळी बोलू त्यांच्याशी."

"आत्ता फोन करा ना, सर!"

सरांनी केला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. "कामात असेल," म्हणून सरांनी फोन खिशात टाकला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

बाजूला आल्यावर मोईजचा चेहरा उतरला होता. "दादा काल काय म्हणाले, आठवते? काम संपलं की कॉपी, अन् दुसरं काम सुरू व्हायच्या आधी कार्ड फॉरमॅट. आपला नियम, म्हणे!"

"फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणार?" गीतांजली ओरडली. "मग संध्याकाळी काय मिळणार? चला, आत्ताच शोधू!"

"कुठं शोधतं? बाळापूर काय तुह्या घराचं अंगण आहे?" मोईज म्हणाला.

"दे तो कॅमेरा इकडे!" गीतांजलीनं हळदीचा एक फोटो मोठा केला. नवरीच्या डोक्यावर मांडवाचं निळं-पांढरं कापड, मागे नदी, आणि नदीच्या मागे किल्ल्याचा बुरूज. बुरुजाच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप. तिनं मान वळवली. तेच रोप त्यांच्यापासून चार हातांवर हलत होतं!

"फोटोतून आपला बुरूज दिसते," ती म्हणाली, "तर बुरुजावरून फोटोची जागा दिसलीच पाहिजे!"

तिघं काठाशी आली. उन्हात दगड तापले होते. खाली नदीत पाणी कमी आणि दगडच जास्त होते. पलीकडे, घरांच्या मधे, निळ्या-पांढऱ्या कापडाचा एक मांडव होता.

"तो पाहा!" तिघं एकदम म्हणाली.

पण सरांनी सक्त सांगितलं होतं, किल्ल्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मोईजनं केस सारखे केले आणि शहाण्या मुलासारखा सरांपुढे जाऊन उभा राहिला.

"सर, प्रवासाच्या फोटोत किल्ला पूर्ण दिसला पाहिजे, असं तुमीच म्हणाले ना? मग तो आत बसून कसा दिसन? आमी पुलावरून पलीकडे जाऊन काढतो."

सर खूश! "वा! याला म्हणतात नजर! जा. पण पुलावरूनच जा, आणि तासाभरात परत."

"अबे, तू तर वकील होशील," पायऱ्या उतरताना गीतांजली म्हणाली. प्रणाली हसली नाही. ती सगळ्यात पुढे पळत होती.

मांडवात बुद्धवंदना सुरू होती. सगळी माणसं हात जोडून उभी होती. धर्मेंद्रदादा खुर्चीवर चढून फोटो काढत होते. वंदना संपेपर्यंत तिघंही हात जोडून थांबली. प्रणालीची नजर मात्र त्यांच्या कॅमेऱ्यावर होती. टिक. टिक. टिक.

ते खाली उतरताच तिनं विचारलं, "दादा, कार्ड फॉरमॅट केलं काय?"

"तुमी इकडे कसे, पोट्टेहो? हो, सकाळीच केलं. नियम आहे आपला. काहून?"

मोईजनं घडलेलं भराभर सांगितलं. दादांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. ते हळूच खुर्चीवर बसले. "मी पाहिलंच नाही, बावा. कार्ड टाकलं अन् बटण दाबलं. बावन्न फोटो काढले वरून."

"आता त्याच्यावर एकही काढू नका!" मोईज म्हणाला. "फॉरमॅट झालेलं परत काढता येते, तुमीच सांगितलं होतं. पण वरून नवीन भरलं तर जाते!"

तेवढ्यात नवरीचा मामा ओरडला, "ओ फोटोवाले! हार घालून राहिले ना तिकडे!"

प्रणालीनं आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दादांपुढे धरलं. "हे घ्या तुमचं. माहं द्या."

दादांनी कार्ड बदललं. खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "नदीच्या रस्त्यालेच दुकान आहे. तिथं बसा. जेवणं झाली की आलोच."

दुपारी दादा आले आणि दुकानात लॅपटॉपवर फोटो शोधणं सुरू झालं. तास उलटून गेल्यामुळे अश्विन सर रागारागानं शोधत आले होते. सगळं कळल्यावर तेही खाली मान घालून बाकावर बसले.

प्रणालीनं कार्यशाळेत काढलेले फोटो सगळे आले, एकूण एक. राजापेठेतली गर्दी, भाजीवाल्या, रिक्षा. आईचे येईनात.

"नवीन फोटो कार्डाच्या सुरुवातीपासून भरत जातात," दादा हळू आवाजात म्हणाले. "जुने तिथंच होते. त्याच्यावरच माहे बावन्न बसले."

पाच वाजेपर्यंत आईचे एकोणीस फोटो मिळाले. अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर बसलेली कोंबडी. तोंड उघडं टाकून झोपलेली प्रणाली. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे बाबा. व्हिडिओचं नाव दिसत होतं. तो उघडला की पडदा काळा व्हायचा.

"सुरुवातीचा भाग गेला," दादा म्हणाले. "नागपूरला एक माणूस आहे, असे तुटलेले व्हिडिओ जोडते. झालं तर त्याच्याकडूनच." त्यांनी त्याचा पत्ता लिहून दिला. कार्डाला कुणी हात लावू नये म्हणून ते वेगळ्या डबीत घालून वर प्रणालीचं नाव लिहिलं.

परतीच्या बसमध्ये अश्विन सर तिघांच्या शेजारी येऊन बसले. "माझं ऐकून तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता, तर हे एकोणीसही गेले असते," ते म्हणाले. "चूक माझी. डोकं तुम्ही चालवलंत. शाब्बास म्हणायची मला लाजच वाटते, पण म्हणतो. शाब्बास!"

राजापेठेत बाबा स्कूटर लावून उभे होते. प्रणालीनं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दादांनी दिलेल्या पेन ड्राइव्हमधले फोटो सरांनी लॅपटॉप बसच्या पायरीवर ठेवून दाखवले. बाबांनी एकोणीसही पाहिले. वजनकाट्यावरच्या कोंबडीला ते हसले. चष्म्याच्या फोटोवर आल्यावर त्यांनी मान वळवली आणि कितीतरी वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

"मीच कॉपी करायले पाहिजे होतं," ते म्हणाले. "ती दिसन म्हणून मी भेत होतो." मग मोईजच्या आणि गीतांजलीच्या डोक्यावर त्यांनी एकेक हात ठेवला. "लय मोठं काम केलं रे तुमी. घरी या दोघंही. शिरा करीन."

फोटो आता चार ठिकाणी कॉपी केलेले आहेत. कोंबडीचा फोटो कार्यशाळेच्या प्रदर्शनात लागला आणि त्याखाली संध्याताईंचं नाव होतं. कार्डाची डबी बाबांच्या कपाटात आहे, नागपूरचा पत्ता तिच्यावरच चिकटवलेला. "उद्या पाठवू," म्हणतात, पण बाबांनी ती अजून पाठवलेली नाही.